सावलीची भाडेपावती

वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. समारंभ माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात झाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, भाषणे आली, १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्या माणसांच्या डोळ्यांतले पाणीही आले. ते पाणी खरे होते. ज्यांनी पहाटे बादली घेऊन मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासापुढे रांग लावलेली नाही, त्यांना दाराआतला स्वतःचा संडास ही काय चीज असते ते समजणार नाही. मी लावलेली आहे. माझा जन्म त्याच वस्तीतला आणि वयाची पहिली बावीस वर्षे तिथेच गेली. म्हणून त्या बातमीने मला मनापासून आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो.

पुढे काही दिवसांनी आमच्या जुन्या मजल्यावरच्या एका काकींचे नवे घर पाहायला गेलो. काकींचे वय ऐंशीच्या पुढे. काका अजून आहेत, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. चहा झाला, घर दाखवून झाले, स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवून झाला. मी म्हटले, "काकी, आता दारात लिफ्ट आली. जिने चढायचे कष्ट संपले."

"आली रे बाबा," काकी म्हणाल्या, "पण ज्येष्ठातल्या पुनवेला वडाला फेऱ्या घालायला जायचं कुठं, ते कुणी सांगत नाही."

मी हसलो. पण परतताना जांबोरी मैदानापर्यंत चालत आलो तेव्हा तो प्रश्न काही पाठ सोडीना. गेली कित्येक वर्षे बीडीडीच्या पुनर्विकासावर आपण वाचत आलो आहोत. पात्र कोण, अपात्र कोण, करारनामा केव्हा, संक्रमण शिबिर कुठे, देखभालीचा खर्च कोणी सोसायचा, पोलिसांच्या खोल्यांचे काय. प्रत्येक प्रश्नामागे एक माणूस होता आणि त्याच्या हातात एक कागद होता. कागद नसेल तर तो मिळवण्यासाठी तो धडपडत होता. या सगळ्या हिशेबात एकच रहिवासी असा होता की ज्याच्याकडे भाडेपावती नव्हती, शिधापत्रिका नव्हती आणि मतही नव्हते. तो म्हणजे चाळींमधले आणि चाळींच्या रस्त्यांवरचे झाड.

मी सारे आयुष्य बँकेत काढले. त्यामुळे कुठल्याही व्यवहारात जमेच्या आणि खर्चाच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरांची जमा बाजू लिहिली गेली, ती लिहिली जायलाच हवी होती. सावलीची बाजू मात्र कोणी लिहिलेली दिसत नाही. ती लिहिण्याचा हा प्रयत्न.

नावातली झाडे

मुंबईच्या माणसाला आपण रोज झाडांची नावे घेत फिरतो याचा पत्ता नसतो. चिंचपोकळी आणि चिंचबंदर ही चिंचेची, उमरखाडी उंबराची, फणसवाडी फणसाची. ताडवाडी, वडाळा यांना तर समजावून सांगायची गरज नाही. परळ हे नाव पाडळ या झाडावरून आले असे सांगतात आणि भायखळ्यातला 'भाया' म्हणजे बहावा असेही जुन्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. वरळीचे काय? शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या गॅझेटियरकारांनी वरळीची फोड 'वड-आळी', म्हणजे वडांची रांग, अशी केली आहे. व्युत्पत्तीच्या बाबतीत पैजा लावू नयेत, हे खरे. पण ही फोड बरोबर असेल तर ज्या गावाचे नावच वडांच्या रांगेवरून पडले, तिथली एक म्हातारी आज वड कुठे आहे म्हणून विचारते आहे.

जुनी वरळी म्हणजे टेकडी, टोकाचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी कोळीवाडा आणि मधल्या वाड्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला, महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत शिरणारा समुद्र अडला आणि हे बेट मुंबईला जोडले गेले. कोकणपट्टीत कुठेही जा, समुद्राकाठी जी झाडे दिसतात ती खारे वारे सोसणारी असतात. माड, ताड, उंडी, भेंड, करंज. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा लाटांचे तुषार घेऊन येतो, ते पानांवर बसतात आणि नाजूक झाडाची पाने करपतात. भेंडीचे किंवा उंडीचे जाड, चकचकीत पान तो मार झेलते. हे शहाणपण कोळीवाड्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. रस्त्याला झाड लावताना मात्र ते शहाणपण आपण फारसे विचारात घेतले नाही, त्याकडे पुढे येऊ.

गासडीमागे एक रुपया

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाटीच्या वस्त्या मोडून नवे रस्ते आखण्यासाठी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी ही त्याची करणी. रुंद रस्ते, पदपथ आणि पदपथावर झाडे हा त्या आखणीचाच भाग होता. दादरच्या पारशी कॉलनीत मंचेरजी जोशी या अभियंत्याने रस्त्यांच्या कडेने जाणीवपूर्वक झाडे लावून घेतली. १९२५ साली खुले झालेले शिवाजी पार्क (तेव्हाचे माहीम पार्क) पाहा. त्याच्या कठड्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांच्या डोक्यावर पर्जन्यवृक्षांचे छत असते. मध्यमवर्गासाठी शहर आखताना सावलीचा विचार झाला होता, असा याचा अर्थ.

याच सुमारास गिरणी कामगारांसाठी काय होत होते? १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, सुरू झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. त्यासाठी पैसा उभा करण्याच्या मार्गांत मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया जकात हाही एक मार्ग होता. याच खात्याने बॅक बेमध्ये समुद्र हटवण्याचे काम काढले. ते इतके फसले की वीर नरिमन यांनी त्याची लक्तरे वेशीवर टांगली आणि लोकांनी त्याला 'लॉइडचा खुळेपणा' असे नाव दिले. घरांचा संकल्पही अर्ध्यावर राहिला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, चाळीत ८०.

भाडे परवडेना आणि गिरण्या लांब, म्हणून सुरुवातीला कामगार तिथे येईनात. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेली इमारत तुरुंग म्हणून सहज वापरता यावी, यातच तिच्या रचनेवरचा शेरा आला.

पण त्या सिमेंटच्या रचनेत एक गोष्ट चांगली होती, आणि ती पुढे फार उपयोगी पडली. उजेड आणि वारा मिळावा म्हणून दोन चाळींमध्ये बऱ्यापैकी अंतर सोडले होते. त्या अंतरात फरशी नव्हती, माती होती.

नळाच्या पाण्यावर वाढलेले

त्या मातीतली बहुतेक झाडे रहिवाशांनी लावली, असे आमच्या लहानपणी मोठी माणसे सांगत. गावाहून येताना एसटीच्या टपावर मडक्यातून आणलेले नारळाचे रोप, कुणाच्या तरी परसातले शेवग्याचे खुंट, खाऊन फेकलेल्या कोयीतून उगवलेला आंबा. पिंपळाला तर कुणी लावावेच लागत नाही. कावळ्याने बी आणले, गटाराच्या कडेला रुजले, कुणीतरी चार विटा लावल्या, पुढे पार बांधला गेला. नळावर कपडे-भांडी झाली की उरलेले पाणी बायका झाडाच्या आळ्यात ओतत. पालिकेचा टँकर नाही, माळी नाही, फलक नाही. आजच्या भाषेत ज्याला लोकसहभाग म्हणतात, तो असा बादलीबादलीने चालला होता.

१६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत, हे अनेकांनी लिहिले आहे. ती मावत कशी, हे फारसे कोणी लिहीत नाही. ती मावत नव्हती. ती बाहेर राहत. रात्रपाळीहून आलेला माणूस दुपारी झाडाखाली खाट टाकून झोपे, कारण खोलीत पोरांचा गोंगाट. आम्ही परीक्षेचा अभ्यास पारावर केला. कॅरम तिथे, भजनी मंडळाची तालीम तिथे, लग्नाची बोलणी तिथे आणि मयताची माणसे टेकायची तीही तिथेच. म्हणजे सावली ही चाळीच्या दृष्टीने शोभेची वस्तू नव्हती. ती प्रत्येक खोलीची न लिहिलेली दुसरी खोली होती. भाडे मात्र एकाच खोलीचे भरावे लागे.

आमच्या चाळीसमोर एक पिंपळ होता. वैशाखातल्या पौर्णिमेला वस्तीतली बौद्ध मंडळी त्याच्या पारावर मेणबत्त्या लावीत. बोधिवृक्षच तो. शनिवारी आमच्यातल्या बायका त्यालाच तेल-पाणी घालीत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली, तेव्हा मी शाळेत होतो. चाळी-चाळींमध्ये दगड, सोडावॉटरच्या बाटल्या चालल्या. पोलीस आले, माणसे मेली, कित्येक दिवस खिडक्या बंद होत्या. त्या दिवसांत पारावर कुणी बसले नाही. वातावरण निवळल्यावर सर्वांत आधी तिथे कोण येऊन बसले, ते मला आठवत नाही. पण पुन्हा बसू लागले, दोन्हीकडचे. झाडामुळे समेट झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. समेटाला टेकायला जागा होती, इतकेच म्हणतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांची गिरणी त्यातच होती. सकाळी भोंगा व्हायचा त्या वेळी सवयीने अंघोळ करून कपडे घालून बाहेर पडलेली माणसे दिवसभर झाडाखाली बसून राहत. घरात बसले की बायकोच्या नजरेला नजर द्यावी लागे. आपल्या इतिहासात त्या संपाचे अर्थकारण लिहिले गेले, राजकारण लिहिले गेले. त्या काळात घरातल्या कर्त्या पुरुषाला लाज लपवायला जी सावली मिळाली, तिचा उल्लेख मी कुठे वाचलेला नाही. पुढच्या वर्षी मला बँकेत नोकरी लागली आणि काही वर्षांत आम्ही उपनगरात गेलो.

रस्त्यावरचे पाहुणे

चाळींच्या आतली झाडे ही अशी. बाहेरच्या मोठ्या रस्त्यांवरची वेगळी. डॉ. अॅनी बेझंट रोड, डॉ. ई. मोझेस रोड किंवा दादर-परळचा कुठलाही जुना रस्ता घ्या, तिथली नेहमीची मंडळी बहुतेक बाहेरदेशची. पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, पिवळ्या फुलांचा सडा घालणारा सोनमोहर श्रीलंका आणि आग्नेय आशियाकडचा. त्यांना परके म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. मिरची, बटाटा, पेरू हेही तिकडूनच आले. लवकर वाढणारी, मोठे छत्र धरणारी झाडे शहराला हवी होती, ती मिळाली. पर्जन्यवृक्षाची पाने संध्याकाळी मिटतात, आभाळ भरून आले तरी मिटतात. लहानपणी आम्हाला तो चमत्कार वाटे. त्याच्या काळ्या, चिकट, गोडसर शेंगा आम्ही शाळेच्या वाटेवर चोखल्या आहेत.

पण या पाहुण्यांचे हाल आपणच केले. पर्जन्यवृक्षाची मुळे खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात. त्यांच्यावरून आधी डांबर गेले, मग फरसबंदी, मग सिमेंट काँक्रीट. २०२३ पासून तर मुंबईत रस्ते काँक्रीटचे करण्याची मोठी मोहीमच सुरू झाली. वीज, दूरध्वनी, गॅस, पाणी यांच्यासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटतात. वरून छाटणीही एकाच बाजूची होते, कारण दुसरी बाजू कुणाच्या तारेला लागत नाही. असा तोल गेलेला वृक्ष वादळात आडवा होतो, आणि मग बातमी येते की झाड 'कोसळले'. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडे पडली. त्यांतली किती वाऱ्याने पाडली आणि किती आधीच कापलेल्या मुळांनी, याचा पंचनामा झाला असता तर बरे झाले असते. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या बाबतीत २०१३ सालीच दिलेला आहे. मुंबईतल्या कुठल्याही पदपथावर उभे राहून वाचकांनी तो मीटर स्वतः मोजून पाहावा.

गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने दादर, माटुंगा, प्रभादेवीकडचे कितीतरी पर्जन्यवृक्ष उभ्या उभ्या वाळले. एकाच जातीची झाडे रांगेने लावली की एकच रोग सगळी रांग नेतो. बँकेत आम्ही सगळी कर्जे एकाच उद्योगाला देत नसू, त्यामागचे कारण हेच.

वयाइतकी रोपे

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणून विशेष स्थान मिळाले आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी रोपे लावावीत असे ठरले. कागदावर हे उत्तम आहे. नव्वद वर्षांच्या वडाबद्दल नव्वद रोपे. मुद्दल शाबूत, वर व्याज.

माझ्या जुन्या पेशाला इथे शंका येते. ही रोपे कुठे लावायची? वरळीतल्या एका झाडाबद्दल नव्वद रोपे लावायला वरळीत माती कुठे शिल्लक आहे? मग ती दुसरीकडे जातात. आकडा भरतो, पण वरळीच्या फळवालीच्या डोक्यावर सावली येत नाही. कोल्हापूरच्या खातेदाराची ठेव मोडून नागपूरच्या शाखेत कुणा दुसऱ्याच्या नावावर जमा केली, तर बँकेचा ताळेबंद जुळेल. खातेदाराला काय मिळाले?

महापालिकेच्या २०१८ मध्ये जाहीर झालेल्या वृक्षगणनेत मुंबईत २९,७५,२८३ झाडे मोजली गेली. तीस लाख म्हणजे मोठाच आकडा. पण आत शिरून पाहावे. त्यांतली १५,६३,७०१ झाडे खाजगी आवारांत आणि ११,२५,१८२ सरकारी आवारांत. उद्यानांत १,०१,०६७. रस्त्याच्या कडेला किती? १,८५,३३३. म्हणजे शंभरात सहा. ज्याच्याकडे आवार नाही, बाग नाही, वातानुकूलित गाडी नाही, त्याच्या वाट्याला या शहरातली शंभरातली सहा झाडे येतात. बीडीडी चाळ ही सरकारी मालमत्ता. तिथली झाडे मोजणीत बसली असतील तर सरकारी आवाराच्या रकान्यात. ती सांभाळणाऱ्यांचा रकाना त्या तक्त्यात नाही.

झाडाची किंमत पैशात करता येते का, हाही प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात विचारला गेला आहे. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवरची ३५६ जुनी झाडे उड्डाणपुलांसाठी तोडायची होती. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हिशेब मांडला की झाडाचे मोल दर वर्षाला ७४,५०० रुपये धरावे आणि त्याला वयाने गुणावे. त्यांतल्या ३०० झाडांची किंमत समितीने २२० कोटी रुपये काढली. हाच दर आमच्या वरळीला लावला तर नव्वद वर्षांच्या एका वडाचे ६७ लाख ५ हजार रुपये होतात. वाचून बरे वाटते. पण २०२३ मध्ये न्यायालयाने ती झाडे तोडायला परवानगी दिली. वसूल करण्याची तरतूद नसलेले मूल्यांकन म्हणजे काय, ते कुठल्याही कर्ज अधिकाऱ्याला विचारा.

दुसरी बाजू

एवढे लिहिल्यावर मला कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की 'साहेब, तुम्ही तर चाळ सोडून चाळीस वर्षांपूर्वीच गेलात. आता आमची घरे होताना तुम्हाला झाडे आठवली?' प्रश्न बोचरा आहे आणि रास्त आहे. शंभर वर्षे जुन्या सिमेंटचे पोपडे ज्यांच्या ताटात पडले, त्यांना पिंपळाच्या सळसळीचे कौतुक सांगणे शोभत नाही. पुनर्विकास व्हायलाच हवा होता. खरे तर तो एक पिढी आधी व्हायला हवा होता. झाडे पडून माणसे दगावतात, हेही या शहराने पाहिले आहे. शिवाय नव्या योजनेत बगिचे आहेत, झाडे लावली जाणार आहेत, हेही खरे.

माझा मुद्दा झाड की घर असा नाही. जमीन तीच आहे, वरळीची वस्ती साठेक एकरांची. प्रश्न असा की त्या जमिनीत खरी माती किती उरणार? चाळीस मजली इमारतीखाली वाहनतळ येतो, त्याच्या स्लॅबवर माती पसरून हिरवळ केली जाते. चित्रात ती छान दिसते. पण हात-दोन हात मातीच्या थरात कण्हेर येते, चाफाही येतो, वड येत नाही. वडाला खाली जमीन लागते. मुलांची खेळण्याची मोकळी जागा पोडियमवर न देता जमिनीवरच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये सांगितले होते. जी गोष्ट मुलांना लागू, ती झाडांनाही लागू आहे. दोघांनाही वाढायचे असते.

समुद्राकडे किनारी रस्ता झाला. २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठी समुद्रात भराव घातला, त्यातली सुमारे ७० हेक्टर जागा मोकळी आणि हिरवी ठेवायची असे ठरले. ती झाली तर स्वागतच. पण बाग आणि रस्त्यावरचे झाड यांत फरक आहे. बागेत आपण मुद्दाम जातो, वेळ काढून जातो. रस्त्यावरचे झाड आपल्या वाटेवर असते. पाळीवरून येणारी परिचारिका, शाळेतून येणारे पोर, टपालवाला, हातगाडीवाला यांना बागेत जायला सवड नसते. शिवाय भरावावर, ऐन खाऱ्या वाऱ्यात, पुन्हा नाजूक शोभेची झाडे लावली तर काय होईल, हे कोळीवाड्यातला कोणीही सांगेल.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेतली २,१४१ झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली गेली तेव्हा सारे शहर जागे झाले. ते योग्यच झाले. पण चाळीतले झाड जंगलातले नसते. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, कारण त्याचे रहिवासी त्या वेळी सामान बांधत असतात.

मग करता येण्याजोगे काय? वरळीचे काम अजून पुष्कळ बाकी आहे. नायगावचे आणि जोशी मार्गाचेही आहे. प्रत्येक चाळ रिकामी करताना तिच्या आवारातल्या झाडांची यादी, जात आणि वयासह, त्याच चाळीच्या दारावर लावावी. माणसांची पात्रता यादी लागते तशीच. त्यावर हरकत घेण्याचा हक्क तिथे राहिलेल्या माणसाला असावा, कारण पाणी त्याने घातले आहे. नव्या रस्त्यांच्या कडेने, जिच्याखाली तळघर नाही अशी सलग मातीची पट्टी आराखड्यातच राखून ठेवावी. सांडपाण्याच्या नळाला जागा राखतात, मग मुळांना का नको? भरपाईची रोपे त्याच विभागात लावावीत आणि त्यांत भेंड, उंडी, करंज, वड, पिंपळ असावेत, एकाच जातीची रांग नसावी.

आणि शेवटची सूचना माझ्या जुन्या खात्यातली. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की बँक ते खाते बुडीताच्या वाटेवर धरते आणि वर जाब विचारला जातो. लावलेल्या रोपांची तपासणी अशीच दर नव्वद दिवसांनी, किमान पाच वर्षे व्हावी आणि मेलेल्या रोपाची नोंद लपवता येऊ नये. आज आपण रोप लावल्याचे छायाचित्र काढतो आणि खाते बंद करतो. कर्ज दिल्याच्याच दिवशी ते फिटले असे लिहिणारा अधिकारी कुठल्या बँकेत टिकला असता?

या सूचनांना फार पैसा लागत नाही. साडेनऊ हजारांहून अधिक घरांच्या योजनेत हा खर्च कुठल्या कुठे हरवून जाईल. लागते ते एवढेच की झाडाला कुणीतरी भाडेकरू म्हणून मोजावे.

काकींकडून निघताना मी त्यांना सुचवून पाहिले होते. "काकी, हल्ली वटपौर्णिमेला दादरच्या बाजारात वडाच्या फांद्या मिळतात. पुष्कळ बायका घरीच कुंडीत खोचून पूजा करतात. खाली उतरायलाही नको."

काकींनी काकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "फांदी आणायची म्हणजे कुठला तरी वड तोडायचाच ना?" त्या म्हणाल्या. "आणि फांदीला फेऱ्या कशा रे घालायच्या?"

बँकेत चाळीस वर्षे लोकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. याला देता आले नाही. लिफ्टने खाली आलो.